फोन टॅपिंगची माहिती मागताना अर्ज कुठे आणि कसा करावा

फोन टॅपिंगविषयी माहिती मागणारे बहुतेक अर्ज चुकीच्या कार्यालयात जातात. गुप्तचर विभाग (आयबी), रॉ, सीबीआय, एनआयए या संस्था माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. भ्रष्टाचाराचे किंवा मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता कलम २४ नुसार त्यांना हा कायदा लागू होत नाही. मात्र संभाषण ऐकण्याचा आदेश सर्वसाधारणपणे या संस्था काढत नाहीत. तो केंद्रीय गृह सचिवांच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांच्या सहीने निघतो, आणि केंद्रीय गृह मंत्रालय दुसऱ्या अनुसूचीत नाही. त्यामुळे केंद्रीय संस्थांविषयीचा अर्ज गृह मंत्रालयाच्या आणि महाराष्ट्र पोलिसांविषयीचा अर्ज मंत्रालयातील गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा.

‘माझा फोन टॅप होत आहे का?’ हा प्रश्न स्वाभाविक असला, तरी तो विचारून हाती काही लागत नाही. राष्ट्रीय सुरक्षा आणि चालू तपास यांच्याशी संबंधित अपवाद कलम ८(१) मध्ये आहेत आणि त्यांच्या आधारे तो नाकारला जातो. दिल्ली उच्च न्यायालयानेही अशी माहिती देण्यास या अपवादांची आडकाठी असल्याचे मानले. म्हणून कोणाही व्यक्तीचे नाव न घेता कार्यपद्धतीची माहिती मागावी. ठरावीक महिन्यांत किती आदेश निघाले, तातडीच्या प्रसंगी आधी टॅपिंग सुरू करून नंतर मंजुरी घेतल्याची प्रकरणे किती, हे आदेश तपासणाऱ्या पुनर्विलोकन समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या, प्रत्येक बैठकीपुढे किती आदेश होते आणि त्यांपैकी किती रद्द ठरले, एवढे विचारावे.

यांतील समितीविषयीचे प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. केंद्रातील समितीत कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव असतात, तर राज्यात मुख्य सचिवांसह तीन सचिव असतात. तिथे न्यायाधीश नाही आणि लोकप्रतिनिधीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात टॅपिंगवर प्रक्रियात्मक बंधने घातली, पण न्यायालयाची पूर्वपरवानगी बंधनकारक केली नाही. परिणामी सरकारने काढलेले आदेश सरकारचेच सचिव तपासतात. एका माहिती अधिकार अर्जाला उत्तर देताना केंद्रीय गृह मंत्रालयाने सुमारे दशकभरापूर्वी दरमहा सरासरी ७,५०० ते ९,००० आदेश निघत असल्याचे सांगितले होते. नियमांप्रमाणे समितीने दोन महिन्यांतून किमान एकदा बसायचे असते. त्या हिशेबाने तीन अतिव्यस्त अधिकाऱ्यांपुढे एकेका बैठकीत पंधरा हजारांहून अधिक आदेश येतात, आणि इतके आदेश खरोखर वाचले जात असतील यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. म्हणून बैठकांच्या तारखा आणि रद्द आदेशांची संख्या मिळवणे आवश्यक आहे.

अर्ज लवकर करावा. जुन्या टेलिग्राफ नियमांत, तसेच त्यांच्या जागी डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या दूरसंचार नियमांतही, गरज उरली नसेल तर दर सहा महिन्यांनी अभिलेख नष्ट करण्याची तरतूद आहे. म्हणून नजीकच्या महिन्यांचीच माहिती मागावी. अभिलेख नष्ट केल्याचे उत्तर आल्यास तो कोणत्या तारखेला आणि कोणाच्या आदेशाने नष्ट झाला, याची नोंद दुसऱ्या अर्जाने मागावी.

अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा नकार आल्यास तीस दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. अपिलात दोन कलमांचा उल्लेख अवश्य करावा: गोपनीय भाग वगळून उरलेली माहिती देण्यासंबंधीचे कलम १०, आणि व्यापक जनहित अपवादांपेक्षा वरचढ असल्यास माहिती देता येते असे सांगणारे कलम ८(२).

ज्याच्यावर टॅपिंगच्या आधारे खटला भरला गेला आहे, त्याचा मार्ग न्यायालयातून जातो. त्याने वकिलामार्फत मूळ आदेशाची प्रत मागावी आणि तीन गोष्टी तपासाव्यात. आदेशावर सक्षम अधिकाऱ्याची सही आहे का, आदेशाची साठ दिवसांची मुदत आणि मुदतवाढीसह एकूण १८० दिवसांची मर्यादा पाळली आहे का, आणि सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी कोणते कारण प्रत्यक्षात अस्तित्वात होते. तिसऱ्या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी एका लाचखोरी प्रकरणातील तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये भ्रष्टाचाराच्या प्रकरणात वेगळी भूमिका घेतली आहे. त्यामुळे मुंबईचा निकाल महाराष्ट्र आणि गोव्यातील न्यायालयांपुढे ठेवताना आपल्या प्रकरणातील तथ्ये त्याच्याशी कशी जुळतात, हे लेखी युक्तिवादात मुद्देनिहाय दाखवावे.