महाराष्ट्रात कमी खर्चात समाजशास्त्रातून बीए: कॉलेज निवडताना काय तपासावं

समाजशास्त्राला ना प्रयोगशाळा लागते, ना महागडी उपकरणं. तरीही एकाच शहरातल्या दोन कॉलेजांच्या फीमध्ये मोठी तफावत दिसते. त्याचं मुख्य कारण अनुदान. अनुदानित तुकडीच्या प्राध्यापकांचा पगार शासन देतं. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित तुकडीचा खर्च विद्यार्थ्यांच्या फीतून निघतो.

म्हणून ‘कॉलेज अनुदानित आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. एकाच इमारतीत एफवायबीएची (बीएच्या पहिल्या वर्षाची) अ तुकडी अनुदानित आणि ब तुकडी विनाअनुदानित असू शकते. ऑफिसात नेमकं विचारा: मला प्रवेश मिळेल ती तुकडी अनुदानित आहे का? पहिल्या गुणवत्ता यादीतच नाव लागलं, तर अशी जागा मिळायची शक्यता जास्त, म्हणून बारावीचा निकाल लागताच अर्ज भरा. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी त्याआधी विद्यापीठाच्या पोर्टलवर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते. कॉमर्स किंवा सायन्समधून बारावी झालेल्यांनाही बीएला प्रवेश मिळतो.

दुसरा प्रश्न फीपेक्षाही महत्त्वाचा आहे. समाजशास्त्र मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत शिकवलं जातं का? नव्या शैक्षणिक धोरणानुसार विषय मेजर आणि मायनर (दुय्यम) असे विभागले गेलेत, आणि अनेक ठिकाणी समाजशास्त्र फक्त मायनर असतं. काही कॉलेजांत मेजर कागदावर असतं, पण पुरेसे विद्यार्थी नसले की वर्ग चालवला जात नाही. मग मधल्या वर्षात विषय तरी बदलावा लागतो, नाहीतर कॉलेज. हे टाळायचं तर आज टीवायला (तिसऱ्या वर्षाला) समाजशास्त्राचे किती विद्यार्थी आहेत आणि विभागात पूर्णवेळ प्राध्यापक आहेत की सगळे तासिका तत्त्वावरचे (तासांप्रमाणे मानधन घेणारे), हे विचारा. शक्य असेल तर थेट टीवायच्या विद्यार्थ्यांनाच गाठा, खरं उत्तर तिथे मिळतं.

संलग्न कॉलेजांची यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते. घरापासून रोज ये-जा करता येईल अशा अंतरावरची कॉलेजं आधी तपासा. शहरातलं खोलीभाडं आणि मेस मिळून अनुदानित बीएच्या फीला सहज मागे टाकतात. घर सोडावंच लागणार असेल, तर शासकीय वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच करा. तिथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत देणारी स्वाधार योजना आहे. तिचे निकष समाजकल्याण कार्यालयात समजतात. ‘कमवा व शिका’ योजना कॉलेजात चालू आहे का, हेही विचारून ठेवा.

नोकरी करणाऱ्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सोयीचं, कारण तिथे दूरशिक्षणाने आणि मराठीतून शिकता येतं. इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं साहित्य मुख्यतः इंग्रजी-हिंदीत असतं. दूरशिक्षणातून कुठेही प्रवेश घेण्याआधी तो अभ्यासक्रम त्या वर्षीच्या यूजीसी-डीईबीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या) मान्यता यादीत आहे याची खात्री करा. आता प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडीही (ओळख क्रमांक) काढावा लागतो.

पैसे भरण्याआधी फीचा तपशील छापील स्वरूपात मागा: शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, विकास निधी, जिमखाना, अनामत. सवलत बहुधा पहिल्या दोन बाबींवर मिळते, बाकीची रक्कम खिशातून जाऊ शकते. अनामत परत मिळते, पण पावती असेल तर.

शिष्यवृत्तीचे अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर होतात. अनुसूचित जातींसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत हवं. त्यावर असेल तर फ्रीशिपचा, म्हणजे शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफीचा, अर्ज करता येतो. इतर प्रवर्गांसाठी आणि खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी, उदाहरणार्थ राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, अशा वेगळ्या योजना आहेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र निकालाची वाट न पाहताच काढून ठेवा, कारण जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात.

सर्वांत जास्त घोळ होतो तो बँक खात्यात. पासबुकावर आधारची नोंद असली म्हणजे खातं डीबीटीला (शासनाची रक्कम थेट खात्यात जमा होण्याच्या व्यवस्थेला) जोडलेलं असतंच असं नाही. शिष्यवृत्तीची रक्कम आधार ज्या खात्याशी सीड केलेलं (जोडलेलं) आहे त्यातच जाते. बऱ्याचदा ते शाळेत असताना उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं निघतं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा आणि खातं चुकीचं असेल तर बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा.

अर्ज सबमिट केल्यावर तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडे पडताळणीला जातो. काही त्रुटी निघाली तर तो परत येतो, आणि मुदत उलटली तर त्या वर्षाची शिष्यवृत्ती हातची जाते. म्हणून आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्टेटस बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा स्वतःच भरायचा असतो.