सोफ्यावर वाळलेला गम: आधी ओळखा, मग हात लावा

गणपती गेले की रत्नागिरीतल्या माझ्या कुशनच्या दुकानात गमाची गाऱ्हाणी सुरू होतात. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली, मखरं पुठ्ठ्याची न् कापडाची झाली आणि घरोघरी ग्लू गन आली. मखर बाहेरच्या खोलीत, करणारी मंडळी सोफ्यावर. गम आणखी कुठे पडणार?

डाग दिसला की लोक गरम पाण्याचं फडकं घेऊन घासायला बसतात. तसं करू नका. गम कुठला ते आधी बघा, एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. नख लावलंत की बहुतेक कळतं. ग्लू गनचा गम मेणासारखा, जाड थेंब होऊन वर बसलेला असतो. फेविकॉलचा पातळ पापुद्रा होतो, त्यावर पाण्याचा थेंब ठेवला की थोड्या वेळाने तो पांढरट होऊन मऊ पडतो. फेविक्विक कडकडीत असतो, नख रुतत नाही. पिवळट, अंगठ्याने चोळल्यावर रबरासारखा गोळा होणारा असेल, तर तो चपला न् सनमायका चिकटवायचा गम.

ग्लू गनचं काम सगळ्यात सोपं. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ बांधून डागावर ठेवा, गम चांगला थंडगार होऊन कडक झाला की बोथट सुरीने कडेकडेने उचला. बराचसा थेंब अख्खा सुटतो. धाग्यात राहिलेल्यावर ब्राऊन पेपर ठेवून कोमट इस्त्री टेकवा, गम वितळून कागदाला लागतो. कागद बदलत राहा. वेल्वेट आणि रेक्झिनला मात्र इस्त्री नको.

फेविकॉलला कोमट पाण्यात तेवढंच पांढरं व्हिनेगर घालून ओलं केलेलं फडकं डागावर ठेवायचं. पाणी ओतायचं नाही. गम मऊ झाला की जुन्या टूथब्रशने बाहेरून आत घासत आणा आणि कोरड्या फडक्याने टिपून घ्या. किनाऱ्याजवळ विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका, गडद कापडावर वाळताना पांढरी कड धरते. प्यायचं पाणी घ्या. आणि भाद्रपदातली आपली हवा ठाऊक आहे ना! फोमात पाणी उतरलं तर ते लवकर वाळत नाही, कुबट वास धरतो, मग बुरशी. काम झालं की टेबलफॅन थेट डागावर लावून ठेवा.

फेविक्विकला ॲसिटोन लागतं, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर. पण बाटली वाचून घ्या, ॲसिटोन नसलेले रिमूव्हरही मिळतात, ते इथे उपयोगाचे नाहीत. आधी सोफ्याच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी थेंब लावून बघा. रंग फडक्यावर उतरला किंवा कापड आखडलं तर थांबा. ॲसिटेटचं चकचकीत कापड ॲसिटोनमध्ये विरघळतंच. रेक्झिनचा वरचा थरही जातो, आणि सागवानी हातावर सांडलं तर पॉलिश उतरतं, म्हणून लाकूड आधी झाकून घ्या. कव्हरला चेन असेल तर कव्हर काढून खाली पांढरं फडकं घाला. मग ॲसिटोनचं फडकं डागावर दाबायचं, उचलायचं, फडक्याची स्वच्छ बाजू पुढे घ्यायची, पुन्हा दाबायचं. रगडलंत तर विरघळलेला गम आजूबाजूला पसरतो.

एक काकी बाप्पा असतानाच फोन करून विचारत होत्या, "आत्ताच पुसून काढू काय रे?" मी म्हटलं, "काकी, समई शांत झाल्याशिवाय ती बाटली उघडायची पण नाही." ॲसिटोनची वाफ झटकन पेट घेते. समई, अगरबत्ती, गॅस, सगळं बंद हवं आणि खिडक्या सताड उघड्या. आणि फेविक्विक ओला असताना सुती फडक्याने किंवा कापसाने पुसायला जाऊ नका, कापूस चटका बसेल इतका तापतो.

रबरी गम कोरडाच अंगठ्याने चोळून गोळे करून काढा. थिनर ओतलात तर खाली फोम जोडलेला असतो तो गमही सुटतो आणि सीटला पोकळी येते. मग ते काम माझ्याकडेच येतं, माझी काही तक्रार नाही.

खोबरेल तेल कापडाला लावू नका, गम राहतो बाजूला आणि तेलाचा डाग नवा. रेक्झिनवर स्टिकरचा चिकटा राहिला असेल तर मात्र तेलासारखं दुसरं काही नाही. थोडा वेळ ठेवून साबणाच्या फडक्याने पुसा.

एवढं करूनही डाग राहिला तर अख्खा सोफा बदलायला निघू नका. भिंतीला लागलेल्या पाठीमागचं कापड तेच असेल, तर आम्ही ते उसवून सीटवर चढवतो आणि मागे साधं कापड मारतो. रंग थोडा उजळ दिसतो, कारण मागच्या कापडाने ऊन खाल्लेलं नसतं.