ड्रायव्हरचा बायोडेटा कसा लिहायचा, माझे धडपडून शिकलेले अनुभव

२०१३ साली भोसरीला एका सायबर कॅफेत तीस रुपये देऊन मी पहिला बायोडेटा बनवून घेतला. त्या पोराने कुठल्यातरी इंजिनिअरची जुनी फाईल उघडली, त्यात माझं नाव टाकलं, वर इंग्रजीत चार ओळींचं ऑब्जेक्टिव्ह, खाली हॉबी म्हणून क्रिकेट आणि वाचन, आणि पार शेवटी एका ओळीत ड्रायव्हिंग. चाकणला गेटवर सुपरवायझरने तो कागद वाचला, उलटा करून मागची बाजू पण बघितली आणि विचारलं, "बॅज आहे का?" होता की, पॅसेंजर गाडी चालवायचा आरटीओचा बिल्ला! खिशातच होता. कागदावर नव्हता एवढंच. त्या ऑब्जेक्टिव्हचा अर्थ मला आजपण नीट सांगता येणार नाही.

आता मी स्वतः एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ड्रायव्हर घ्यायचं काम बघतो, व्हॉट्सॲपवर रोज दोनचार बायोडेटा येतात आणि खरं सांगू का, एकेकाला अर्धा मिनिट पण देत नाही, कारण तेवढ्यात कुठल्यातरी गाडीचा फोन येतो. त्या अर्ध्या मिनिटात मला एवढंच बघायचं असतं की लायसन कुठलं आहे, ते चालू आहे का, कुठल्या गाड्या चालवल्यात आणि कुठल्या रोडला. बाकी सगळं नंतर समोर बसून विचारता येतं.

म्हणून नाव आणि मोबाईल नंबर झाला की लगेच लायसन लिहा. नुसतं "वैध लायसन आहे" असं नको. एलएमव्ही (हलक्या गाड्यांचं) कधीचं, ट्रान्सपोर्टची (धंद्याच्या गाडीची) नोंद कधी चढली, हेवी आहे का, पॅसेंजर गाडीचा बॅज आहे का आणि ट्रान्सपोर्टची मुदत कधी संपते, तारखेसकट. माझं लायसन लातूरचं, म्हणजे एमएच २४ आणि पुढे २०११. तो २०११ म्हणजे लायसन निघालं ते साल, नंबरातच असतं. तेव्हा २०२१ चं लायसन असताना "१२ वर्षांचा अनुभव" लिहून पाठवू नका, असे पण येतात बरं का, आणि मग आम्ही ऑफिसात हसतो.

मुदतीचं जरा नीट सांगतो कारण इथेच जास्त पोरं अडकतात. ट्रान्सपोर्टचं लायसन आधी ३ वर्षांचं असायचं, २०१९ ला कायदा बदलला तेव्हापासून ५ वर्षांचं झालं. केमिकल, गॅस असल्या धोकादायक मालाची नोंद असेल तर ३ वर्षं, आणि रिन्यूअलला एक दिवसाचं ट्रेनिंग परत करावं लागतं. पहिल्यांदा ही नोंद घेताना ३ दिवसांचा कोर्स असतो, ज्याने केलाय त्याने तो ठळक लिहावा, टँकरवाले अशी माणसं शोधतच असतात. आणि मुदत संपायच्या १ वर्ष आधीपासून रिन्यूअलचा अर्ज करता येतो, तेव्हा दोन महिन्यांवर आलेलं लायसन घेऊन नोकरी शोधत फिरू नका, आधी ते करून घ्या. उशीर होऊन मुदत संपल्यावर वर्ष उलटलं तर परत टेस्ट द्यावी लागते.

अजून एक, बरेच जण विचारतात की माझं नुसतं एलएमव्ही आहे, टेम्पोला अप्लाय करू का. सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे, पाच जजच्या बेंचचा, की एलएमव्ही लायसनवर ७५०० किलोच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते. हे वजन मालासकट धरायचं, आरसीवर लिहिलेलं असतं. छोटा हत्ती (टाटा एस) आरामात बसतो त्यात, १७ फुटी आयशर म्हणलं की आरसी बघूनच बोला. पण निकाल असला तरी बरेच मालक ट्रान्सपोर्टच मागतात, इन्शुरन्सच्या क्लेमला नंतर कटकट नको म्हणून. तेव्हा जे आहे ते स्पष्ट लिहा, समोरच्याला ठरवू द्या.

आता गाड्या. "सर्व प्रकारच्या गाड्या चालवतो" हे वाक्य मी वाचलं की पुढचं वाचतच नाही. कुठली गाडी, किती वर्षं, काय माल, कुठला रूट, असं लिहा. मी आज माझा लिहिला असता तर असा लिहिला असता: टाटा ४०७, अडीच वर्षं, मार्केटयार्ड ते नारायणगाव भाजीपाला, रोज रात्रीची ट्रिप. त्यानंतर कंपनीची स्टाफ बस, दोन वर्षं, तीन शिफ्ट, चाकण ते चिंचवड. बघा, एका ओळीत कळतं की हा माणूस रात्री जागतो, भाजीचा टाइम पाळतो आणि माणसं बसवून पण चालवलीय. घाट चालवला असेल तर नाव घाला, खंबाटकी, कसारा, आंबा, जो असेल तो, कारण भरलेली गाडी घाटात उतरवणारा आणि सपाटीला पळवणारा यात फरक असतो आणि आमच्या धंद्यात तो सगळ्यांना कळतो. बीएस सिक्स (नव्या प्रदूषण नियमाची) गाडी चालवली असेल तर ते पण लिहा. युरिया (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते) संपला तर काय होतं हे माहीत नसलेला ड्रायव्हर गाडी मधेच उभी करतो आणि मग मेकॅनिक पाठवा.

खोटं मात्र लिहू नका. हे मी ज्ञान म्हणून सांगत नाही, माझी झालेली शोभा सांगतो. २०१६ ला हेवी लायसन नुकतं हातात आलेलं, मी बिनधास्त "ट्रेलर, १ वर्ष" लिहून टाकलं. ट्रेलरवर मी क्लीनर म्हणून बसलो होतो आणि उस्तादाने हायवेला सरळ रोडवर चारपाच वेळा चालवायला दिली होती, तेवढाच काय तो अनुभव. ट्रायलला त्यांनी सांगितलं, डॉकला रिव्हर्स लाव. ट्रेलरला रिव्हर्समध्ये स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे ऐकून माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. तिसऱ्या वेळेला घोडा (पुढचा इंजिनचा भाग) आणि ट्रॉली काटकोनात अडकली, मागे दोन गाड्या हॉर्न मारतायत आणि गेटवरचे वॉचमन खुर्ची घेऊन बघत बसलेले. "क्लीनर म्हणून १ वर्ष, थोडा हात बसलाय" असं खरं लिहिलं असतं तर कदाचित शिकाऊ म्हणून ठेवलं असतं. तिथले साहेबच म्हणाले तसं, वर चहा पाजून परत पाठवलं.

ॲक्सिडेंट झाला असेल तर कागदावर लिहायची गरज नाही, पण विचारलं की सांगायचं, लपवायचं नाही. मधे गावाकडे शेती केली, सोयाबीन केलं, वडील आजारी होते, जे असेल ते एका ओळीत लिहा, रिकामी वर्षं दिसली की माणूस भलतंच समजतो.

जुन्या मालकाचं पत्र बहुतेकांकडे नसतं, रोखीवर काम केलेलं असतं. सोडतानाच चांगल्या बोलीत सोडा आणि लेटरहेडवर दोन ओळी मागून घ्या, नाहीच दिलं तर त्यांना विचारून त्यांचा नंबर बायोडेटात टाका. न विचारता टाकला तर तो माणूस फोनवर काय बोलेल याचा भरवसा नाही!

कागदपत्रांचं काम येत असेल तर तो तुमचा जास्तीचा मार्क आहे. बिल्टी (मालाची पावती) वाचता येते, पीओडीवर (माल पोचल्याच्या कागदावर) सही-शिक्का घेऊन फोटो पाठवतो, गाडी बदलली तर ई-वे बिलमध्ये (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाईन बिलात) गाडी नंबर बदलून घ्यावा लागतो हे माहीत आहे, हे लिहा. २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्या बिलाची मुदत असते, ब्रेकडाऊन झालं की ऑफिसला वेळेत कळवणारा ड्रायव्हर आमचा दंड वाचवतो. भाषा पण लिहा, हुबळी-बेंगलोर लाईनला मोडकंतोडकं कन्नड आलं तरी भाव वाढतो.

काय टाकू नये? आधार नंबर, आधारची झेरॉक्स, बँक पासबुक, हे कुणालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका. लायसन नंबर आणि जन्मतारीख एवढ्यावर परिवहनच्या साईटवर लायसन तपासता येतं, ते पण ऑफिस खरं आहे याची खात्री झाल्यावर द्या. आणि जो नोकरी द्यायच्या आधी "रजिस्ट्रेशन फी" मागतो त्याचा नंबर ब्लॉक करा, माझ्या गावच्या पोराचे तीन हजार असेच गेले.

एक पान पुरे. मराठीत लिहिलं तरी चालतं, हाताने लिहिलेलं पण चालतं, फक्त फोटो सरळ काढा, सावली पाडू नका. पीडीएफ पाठवत असाल तर फाईलला स्वतःचं नाव आणि "हेवी बॅज" असं काहीतरी नाव द्या, माझ्या मोबाईलमध्ये "न्यू रिझ्युम फायनल" नावाच्या सतरा फाईली आहेत आणि कुठली कुणाची मला शोधता येत नाही.

आणि नंबर दोन द्या, एक घरचा. मागच्या महिन्यात एका पोराचा बायोडेटा एकदम भारी होता, आंबा घाट, बीएस सिक्स, सगळं. पहाटे पाचला गाडी रिकामी उभी होती म्हणून मी त्यालाच आधी फोन लावला. स्विच ऑफ. दुपारी त्याचा फोन आला तेव्हा गाडी लोणावळ्याच्या पुढे गेली होती, दुसऱ्याच्या हातात.