स्पंजमधले सूक्ष्मजीव शोधताय? या चुका खडकावरच टाळा

नेरुळहून लोकलने उरणला जाता येऊ लागल्यापासून वाशीतले आमचे विद्यार्थी ओहोटीची वेळ बघून तिथल्या खडकांवर स्पंज, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे समुद्री प्राणी, शोधायला जातात. फार आनंद होतो. पण नमुना बिघडतो तो प्रयोगशाळेत नव्हे, तर खडक ते फ्रीज या वाटेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्पंज नुसता पिशवीत घालून घरी आणणं. जिवंत स्पंज सतत पाणी खेचत असतो. उपटला की प्रवाह थांबतो, आतला प्राणवायू संपतो आणि कुजवणारे जिवाणू माजतात. मागच्या वर्षी आमची एक पिशवी वाशीला पोचेपर्यंत वास मारू लागली होती. डीएनए तपासला तर जिकडेतिकडे व्हिब्रिओ नावाचे जिवाणू. स्पंजचे खरे रहिवासी त्यात हरवून गेले. म्हणून किनाऱ्यावरच सुपारीएवढे तुकडे करून 95 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा. स्पंजमधल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होतं, तेव्हा संध्याकाळी ते बदला. फॉर्मलिन नकोच, त्याने डीएनए खराब होतो.

नमुना नळाखाली धुऊ नका. गोड्या पाण्याने पेशी फुटतात. त्याच जागेचं समुद्राचं पाणी 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून वापरा आणि ती गाळणी फेकू नका! स्पंज पाण्यातले जिवाणू खातो आणि स्वतःचे वेगळे पाळतोही. पाहुणे कोण, घरचे कोण, हे त्या गाळणीवरच्या डीएनएशी ताडल्यावरच कळतं.

आगर प्लेटवर (जिवाणू वाढवायच्या थाळीवर) चारच वसाहती आल्या म्हणून निराश होऊ नका. स्पंजमधले बहुतेक जिवाणू प्लेटवर वाढतच नाहीत. पोरिबॅक्टेरिया हा स्पंजमधल्या जिवाणूंचा गट 2004 साली ओळखला गेला तो डीएनएवरून. काही स्पंजांत ग्रॅममागे 10 कोटी ते 1000 कोटी जिवाणू असतात, काहींत जेमतेम समुद्राच्या पाण्याइतकेच. दोन्ही प्रकार निरोगीच.

एकाच स्पंजचे तीन तुकडे म्हणजे तीन नमुने नव्हेत. रंगावरून स्पंजची जातही ठरवू नका. घरगुती ब्लीचमध्ये तुकडा विरघळवला की बहुतेक स्पंजांत सिलिकाचे (काचेसारखे) काटे उरतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

आणि ठाणे खाडीच्या चिखलात शोधत बसू नका. बहुतेक स्पंजांना धरायला टणक जागा लागते, शिवाय तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे. कुठेही जा, आधी वन विभागाला विचारा आणि कापताना स्पंजचा बुडखा खडकावर राहू द्या. त्यातून तो पुन्हा वाढू शकतो.