स्टेट कॉलेजला असाल तर ट्राउटसाठी लांब जायची गरज नाही

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजला शिकायला आला असाल आणि गळ टाकायची हौस असेल, तर आधी स्प्रिंग क्रीक हा ओढा गाठा. चुनखडीतल्या झऱ्यांचं पाणी असल्यामुळे भर उन्हाळ्यातही ते फार तापत नाही, म्हणून इथे जंगली ब्राउन ट्राउट हा मासा टिकून आहे. मात्र मासा घरी न्यायचा नाही, लगेच सोडायचा. पूर्वीच्या रासायनिक प्रदूषणातून हा नियम आला.

बेलफॉन्टजवळ फिशरमन्स पॅराडाइज हा याच ओढ्याचा 1934 पासूनचा पट्टा आहे. तिथे आमिष म्हणून फक्त फ्लाय (किड्यासारखी दिसणारी नकली माशी) चालते, गळाचा आकडा बिनकाट्याचा हवा आणि पाण्यात उतरायला मनाई. नवख्याला हे जाचक वाटेल, पण काठावरून मासे स्पष्ट दिसतात. नुसतं बघूनही बरंच शिकता येतं.

मे अखेरीस पूर्वेकडे कोबर्नला पेन्स क्रीकवर जा. संध्याकाळी ग्रीन ड्रेक नावाच्या माश्या पाण्यातून निघतात तेव्हा त्या खायला एरवी लपून बसणारे मोठे ट्राउटही वर येतात. गर्दी मात्र जत्रेसारखी!

वय 16 किंवा जास्त असेल तर मासेमारीचा परवाना आणि वेगळं ट्राउट परमिट, दोन्ही लागतात. नियम पट्ट्यागणिक बदलतात, काठावरची पाटी वाचूनच गळ टाका.