पोटगीच्या केसमध्ये या चुका टाळा

पोटगी मंजूर होण्यापेक्षा ती हातात पडणं अवघड, हे सोलापूरच्या कोर्टाच्या आवारात कुणीही सांगेल. कायदा तसा बाईच्या आणि मुलांच्या बाजूचा आहे. अर्ज अडकतात ते कागदांवर आणि तारखांवर.

सगळ्यात महागात पडणारी चूक अर्जाच्याही आधी होते. बाँडवर फारकत लिहून घ्यायची पद्धत आपल्याकडे अजून चालते. दोन्हीकडची चार माणसं बसतात, नोटरीचा शिक्का पडतो आणि मजकुरात ‘यापुढे पोटगी मागणार नाही’ असं एक वाक्य घातलं जातं. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न अशा कागदानं मोडत नाही. जातीतली जुनी रूढी कोर्टात सिद्ध करता आली तर गोष्ट वेगळी, पण ती सिद्ध करणं सोपं नाही. पोटगीचा हक्क सोडल्याचा करारही टिकत नाही, मुंबई उच्च न्यायालयानं तो सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवला आहे. मुलांचा हक्क तर आईला सोडताच येत नाही. मग कागद निरुपयोगी का? नाही, तो नवऱ्याच्या वकिलाच्या कामाला येतो. कारण त्यात बहुतेक वेळा ‘आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत’ असंही लिहिलेलं असतं, आणि परस्पर संमतीनं वेगळं राहणाऱ्या पत्नीला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगी मागता येत नाही. मारहाणीमुळे माहेरी आलेली बाई स्वतःच्या सहीनं राजीखुशी लिहून देते. वाचल्याशिवाय सही करू नका, एवढंच सांगणं.

हे कलम १४४ म्हणजे जुनं १२५. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि आकडा बदलला. आधीपासून चालू असलेली प्रकरणं जुन्याच कायद्यानं चालतात. हे कलम सर्व धर्मांना लागू आहे. तलाक झालेल्या मुस्लिम महिलेलाही याच कलमाखाली अर्ज करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १० जुलै २०२४ ला पुन्हा स्पष्ट केलं. तरी ‘आमच्यात चालत नाही’ म्हणून अर्जच न करणाऱ्या बायका भेटतात.

आता उत्पन्नाचं. ‘नवरा भरपूर कमावतो’ हे अर्जातलं वाक्य कोर्टाच्या काही कामाचं नाही. नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर असेल, तर पगार आठवड्याला रोखीनं, स्लिप नाही, आणि शपथपत्रात तो मजूर म्हणून किरकोळ आकडा टाकणार. अशा वेळी कारखान्याचं नाव, पाळी, किती लूम चालवतो, पीएफ किंवा ईएसआय कापतात का, गाडी कुणाच्या नावावर, हप्ता किती, फोनवरून पैसे कुठून येतात, हे तुम्हीच लिहून द्यायचं आणि मालकाकडचं रेकॉर्ड मागवण्यासाठी अर्ज टाकायचा. सांगोल्याकडं डाळिंब किंवा माढ्याकडं ऊस असेल तर सातबारा काढा. उसाचं बिल बँकेत जमा होतं, तो खातेउतारा कोर्टाकडून मागवून घ्या. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र सक्तीचं केलं. शेतीवर असणाऱ्यांसाठी त्याचा नमुना वेगळा आहे. शहरातला फॉर्म भरून दिला की जमिनीचे आणि पिकांचे रकानेच येत नाहीत.

हे शपथपत्र बायकोलाही लागू, हे विसरलं जातं. विडी वळणारी बाई ‘मला काहीच उत्पन्न नाही’ असं लिहिते, आणि समोरचा वकील तिच्या पीएफ खात्याची नोंद काढून ठेवतो. पुढं तिच्या खऱ्या गोष्टीवरही कोर्ट शंका घेतं. खरं तर लपवायची गरजच नव्हती. विड्यांच्या मजुरीवर घर चालत नाही हे कोर्टाला कळतं. ‘स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ’ याचा अर्थ रस्त्यावर आलेली असा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच सांगितलंय. कमावण्याची पात्रता असणं आणि प्रत्यक्ष कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी, असंही नंतर म्हटलंय.

‘पगाराच्या २५ टक्के मिळतातच’ हा समज २०१७ च्या एका निकालावरून पसरलाय. ठरलेलं सूत्र कायद्यात नाही.

तारखांच्या दोन गोष्टी. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, त्यामुळे तडजोडीची वाट पाहत अर्ज लांबवला तर तेवढे महिने गेलेच. मुख्य अर्जासोबत अंतरिम पोटगीचा अर्जही टाका. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तेवढ्यात होतोच असं नाही, पण अर्जच नसेल तर काहीच होत नाही.

दुसरी गोष्ट वसुलीची. समजा महिना ६,००० रुपये मंजूर झाले आणि नवऱ्यानं एकही दिला नाही. दीर म्हणतो दिवाळीला देतो, मग गड्ड्याच्या यात्रेनंतर देतो. बाई चौदा महिन्यांनी वसुलीचा अर्ज टाकते. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तरच वॉरंट निघतं, त्यामुळे या वाटेनं सुरुवातीचे दोन हप्ते, म्हणजे १२,००० रुपये, हातचे गेले. दर चार-सहा महिन्यांनी अर्ज टाकत राहणं बरं. नवरा एक महिन्यापर्यंत तुरुंगात गेला तरी थकबाकी फिटत नाही, ती तशीच उभी राहते.

मुलीच्या बाबतीत एक खाच आहे. कलम १४४ खाली मुलांची पोटगी साधारण १८ वर्षांपर्यंत, शारीरिक-मानसिक अपंगत्व किंवा इजेमुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणारं मूल सोडून. हिंदू मुलीला लग्न होईपर्यंतचा खर्च १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली मागता येतो, पण त्यासाठी वेगळा दावा लागतो. मुलगी बारावीत असतानाच वकिलाशी बोलून ठेवा.

नवऱ्यांनाही सांगायला हवं. समन्स चुकवलं की एकतर्फी आदेश होतो, आणि तो रद्द करून घ्यायला तीन महिनेच असतात. काम सुटलं तर पैसे बंद करू नका, कलम १४६ खाली रक्कम कमी करण्याचा अर्ज करा. पैसे खात्यावर पाठवा. हातात दिलेले हजार-दोन हजार कोर्टात कुणालाच आठवत नाहीत. आणि ‘पोरगं दाखवत नाही म्हणून देत नाही’ हा बचाव चालत नाही, भेटीसाठी स्वतंत्र अर्ज आहे.

वकिलाच्या फीला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा, आणि जाताना लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले आणि नवऱ्याचा कामाचा पत्ता सोबत ठेवा.