कडा सुटतात, शिरोरेषा तुटते: साइन आणि विनाइलच्या कामात या चुका टाळा

बोर्ड लागला, ग्राहक खूश झाला आणि महिन्याभरात फोन आला की कडा उचलल्यात. अशा वेळी पहिला संशय विनाइलच्या, म्हणजे मागे गम असलेल्या प्लास्टिक फिल्मच्या, रोलवर जातो, मग मशीनवर. रोल कधी खराब निघतोही, पण बहुतेकदा बिघाडाचं मूळ कामातल्या घाईत असतं. म्हणून नवा रोल मागवण्याआधी ते काम कुठून कसं गेलं, हे उलट क्रमाने तपासा.

छापल्याछापल्या लॅमिनेशन

इको-सॉल्व्हंटची (सॉल्व्हंट म्हणजे द्रावक असलेल्या शाईची) प्रिंट हाताला कोरडी लागली म्हणजे ती तयार झाली असं नाही. सॉल्व्हंट फिल्ममध्ये मुरलेलं असतं आणि हळूहळू उडून जातं. त्याआधी लॅमिनेट, म्हणजे वरची पारदर्शक संरक्षक फिल्म, चढवलं तर सॉल्व्हंट आतच कोंडतं, गम मऊ करतं आणि कडा वळायला लागतात. कमीत कमी 24 तास थांबा. गडद रंगांचं भरगच्च काम असेल तर 48. हे तास घट्ट गुंडाळलेल्या रोलमध्ये घालवले तर काही उपयोग नाही. प्रिंट सैल गुंडाळून उभी ठेवा, नाहीतर पसरून ठेवा. वारा आतपर्यंत लागला पाहिजे. अर्जंट कामाची तारीख देतानाच हा वेळ धरा.

कुठलीही फिल्म कुठेही

मोनोमेरिक विनाइल थोड्या दिवसांच्या, सपाट कामासाठी आहे. ते रोलरमधून दाबून, ताणून बनतं, त्यामुळे ऊन लागलं की आक्रसतं. पॉलिमेरिक त्यापेक्षा टिकतं. गाडीचे खोलगट भाग आणि रिव्हेट असतील तिथे मात्र कास्टच (न ताणता, पातळ ओतून बनवलेलं विनाइल) हवं, आणि त्यावर लॅमिनेटही कास्टच. कास्टवर स्वस्त लॅमिनेट चढवलं की ते वरून आक्रसतं आणि खालच्या चांगल्या फिल्मलाही ओढून नेतं. खोलगट जागी लावून झाल्यावर हीट गनने पुन्हा तापवायला विसरू नका. कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेल्या तापमानापर्यंत फिल्म गेली, तरच तिचा मूळ जागी परतायचा ओढा संपतो.

पुसलं म्हणजे स्वच्छ झालं

काच पुसायच्या काही स्प्रेचा पातळ थर मागे राहतो. गाडीवर वॅक्स किंवा सिलिकॉनचं पॉलिश असतं. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, गमाला बरोबर कळतात. आधी साबणपाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून घ्या. अल्कोहोल ओलं असतानाच पुसलं तर मळ कापडाबरोबर उचलला जातो. अल्कोहोल नुसतं उडू दिलं तर मळ तिथेच बसतो. नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर काही आठवडे स्टिकर लावू नका. पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यांवर साधा गम धरत नाही, त्यासाठी जास्त पकडीची फिल्म येते.

देवनागरीची खास दुखणी

कटिंगला फाइल देताना शिरोरेषा वेल्ड न करणं, म्हणजे अक्षरांचे आकार एकत्र न जोडणं, ही मराठी अक्षरांच्या कामातली माझ्या मते सर्वांत महागडी चूक आहे. स्क्रीनवर शिरोरेषा सलग दिसते, पण आत प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी असते आणि शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. प्लॉटरला, म्हणजे विनाइल कापणाऱ्या मशीनला, फक्त रेषा कळतात. तो प्रत्येक सांध्यावर ब्लेड फिरवतो आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. लावताना ते जुळलेले दिसतात, पण फिल्म थोडी आक्रसली की फटी उघड्या पडतात. मजकूर कर्व्हमध्ये (टाइप केलेल्या अक्षरांऐवजी नुसत्या आकारांमध्ये) बदला, वेल्ड करा आणि वायरफ्रेममध्ये, म्हणजे फक्त बाह्यरेषा दाखवणाऱ्या दृश्यात, पाहा: अक्षराच्या पोटातून एकही रेषा जाता कामा नये.

दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आलेली फाइल तर नक्कीच वाचून बघा. फॉन्ट नसेल तर पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षर फुटून मध्ये हलन्त दिसतो, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. कर्व्ह झाल्यावर ही चूक टाइप करून सुधारत नाही, म्हणून मूळ मजकूर शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. मान्यताही अंतिम नमुन्यावर लेखीच घ्या. ‘फोनवर सांगितलं होतं’ यावर काम छापू नका.

आणि अनुस्वार. नको असलेलं विनाइल सोलताना तो एवढासा टिंब त्याच्याबरोबर निघून जातो आणि ‘मंगल’चं ‘मगल’ होतं. सोलताना विनाइल वर खेचू नका, कागदाला जवळजवळ चिकटून मागे ओढा. ट्रान्सफर टेप (कापलेली अक्षरं उचलून पृष्ठभागावर नेणारी टेप) लावण्याआधी सगळे टिंब मोजा. टेप लागल्यावर ते कळायला उशीर होतो.

टिंब वारंवार उचलला जात असेल तर ब्लेड बघा. टेस्ट कटमध्ये विनाइल पूर्ण कापलं जावं आणि मागच्या कागदावर फक्त पुसट ओरखडा दिसावा. कागद चिरला जात असेल तर ब्लेड फार बाहेर आलंय किंवा दाब जास्त आहे. कोपरे फाटत असतील तर ब्लेड बोथट झालंय, दाब वाढवून ते सुधारणार नाही. बारीक नक्षीला आणि जाड फिल्मला 45 ऐवजी 60 अंशांचं ब्लेड वापरून बघा.

रंगात पट्टे, पॅनेलमध्ये फरक

प्रिंटमध्ये पट्टे दिसले की लगेच हेड क्लीनिंगचा (शाई सोडणारं हेड साफ करण्याचा) सपाटा लावू नका, शाई वाया जाते. आधी नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालतात का हे पाहणारी चाचणी प्रिंट. ती नीट असेल तर मीडिया फीडचं, म्हणजे फिल्म पुढे सरकण्याचं, माप जुळवा. मशीन बरेच दिवस बंद ठेवू नका. रोज थोडं छापलं की नोझल मोकळे राहतात. मोठा बोर्ड अनेक पॅनेलमध्ये छापायचा असेल तर सगळी पॅनेल एकाच रोलवर, एकाच बैठकीत काढा. डाव्या आणि उजव्या काठाच्या छटेत फरक पडत असेल तर एकाआड एक पॅनेल उलटं फिरवून छापा, म्हणजे शेजारी येणाऱ्या कडा सारख्याच बाजूच्या राहतात.

लावताना

दहा अंश सेल्सियसच्या खाली साधा गम धरत नाही. हवेचे फुगे ब्लेडने चिरू नका. सुईने टोचा आणि अंगठ्याने दाबा. गाडीच्या रंगावर थेट कटर चालवू नका, नाइफलेस टेप वापरा (तिच्यातला धागा ओढला की फिल्म कापली जाते). उन्हातल्या काचेवर गडद फिल्म पूर्ण पसरवली तर काच असमान तापून तडकू शकते, हे ग्राहकाला आधीच सांगा. मापं स्वतः घ्या आणि चौकटीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजा, कारण चौकटी क्वचितच काटकोनात असतात.

दर काढताना फक्त छापलेला भाग धरू नका. रोलच्या रुंदीतून उरलेली कात्रणं, सोलायचा वेळ, डिझाइनमधले फेरफार, लावायची मजुरी हे सगळं त्यात हवं.

प्रत्येक कामाची एक चिठ्ठी बनवा: फिल्म आणि लॅमिनेटचं नाव, रोलचा बॅच नंबर, छापल्याची आणि लॅमिनेट केल्याची तारीख, पृष्ठभाग कोणता, कशाने पुसला. कडा उचलल्याची तक्रार आली की आधी या दोन तारखांमधलं अंतर बघा.